भुरीची पाठ

कोंबडीची पिल्लं बायकोने आणली होती. ती कामाला होती त्या दुकानात चष्म्याच्या फ्रेम ज्यातून येत तसलं एक पुठ्ठ्याचं खोकं, त्याला पेनाने भोसकून पाडलेली भोकं आणि आत आठ पिल्लं. दारातच तिने सांगून टाकलं, "आधी बघ. मग काय रागवायचं ते रागव."

तो काही रागावला नाही. ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या शेडमध्ये तो वेल्डर होता. तिथले उरलेले अँगलचे तुकडे आणि जाळी आणून त्याने मागच्या अंगणात खुराडं उभं केलं. पिल्लांच्या मापाचंच केलं. मोठी झाली की मोठं करू, असं ठरलं. संध्याकाळी कामावरून आली की ती चप्पल काढायच्या आधी मागच्या दारी जायची. तिने सगळ्यांना नावं ठेवली, म्हणजे खरोखरची नावं. राखी रंगाची भुरी, तांबूस पिवळी पिंगी, छाती काढून चालणारा पैलवान, मान ताठ ठेवून सगळ्यांच्या मागून फिरणारा मास्तर. बाकीच्यांची नावं ती रोज बदलायची. पिंगी तिच्या हातावर चढायची, मनगटावरून खांद्यावर जायची आणि तिच्या चष्म्याच्या काडीला चोच मारत बसायची.

आणि एका दुपारी चष्म्याच्या दुकानात, काच घासायच्या मशीनसमोर, ती बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरेच दिवस तिचं डोकं दुखायचं. नंबर वाढला असेल म्हणून तिने स्वतःच्या चष्म्याच्या काचा दोनदा बदलल्या होत्या.

अंत्यविधीला सासूबाई एक बॅग घेऊन आल्या आणि राहिल्या. किती दिवस राहणार हे त्याने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही जावई-सासूचं बोलणं 'या, बसा, चहा घेणार का' याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. मधे बोलणारी ती होती. आता ती नव्हती, आणि दोघंजण एकाच घरात एकमेकांना वाट करून देत वावरत होते. बाथरूमचं दार बंद असलं की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. तो जेवायला बसला की त्या ओटा पुसायला लागायच्या.

बोलायला विषय राहिला तो कोंबड्यांचा.

"पाणी बदललंत का?"

"बदललं."

"दाणा संपत आलाय."

"आणतो येताना."

एवढ्यावर दिवस निघून जायचा. पिल्लं मात्र वाढत होती. कोवळी लव झडून पिसं आली, पाय लांब झाले, तिघांच्या डोक्यावर तुरे फुटले. तीन कोंबडे आणि पाच तलंगा, असा हिशोब सासूबाईंनी एका नजरेत सांगितला. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, हेही त्यांनीच सांगितलं. लहानपणी त्यांच्या घरी कोंबड्या असत.

भांडणं आधी खेळातली होती. दोघं समोरासमोर यायचे, मानेची पिसं फुलवायचे, उडी मारून छातीला छाती लावायचे आणि पुढच्या क्षणी शेजारी शेजारी उभे राहून माती उकरायचे. बायको होती तेव्हाही हे चालायचं. ती हसायची. म्हणून त्याने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी दाणा घालायला गेला तर भुरी कोपऱ्यात जाळीकडे तोंड करून बसलेली दिसली. तिने वळून पाहिलं नाही. शेपटीच्या वर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. पिसं मुळातून उपटलेली, कातडी गुलाबी, आणि मधोमध रक्ताचा एक ओला ठिपका. तो पाहत असतानाच मास्तर मागून सावकाश आला आणि त्याने नेमका त्या ठिपक्यावर टोचा मारला. भुरी ओरडलीसुद्धा नाही. नुसती आणखी कोपऱ्यात दबली.

त्याने सासूबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोंबडे कापायला झाले."

"कोंबडे?"

"तीन कोंबड्यांत पाच तलंगा. रक्त निघणारच. एक ठेवा, दोघांना कापा. पैलवान आणि हा."

"कापायचं नाही कोणाला," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा चढा निघाला.

सासूबाई त्याच्याकडे पाहून आत गेल्या.

त्या रविवारी तो दिवसभर अंगणात होता. खुराडं लहान पडतंय हे उघड दिसत होतं. माप घेतलं होतं मुठीएवढ्या पिल्लांचं. त्याने जाळी कापली, अँगल जोडले, कुंपणापर्यंत जागा वाढवली. एकच दाण्याचं भांडं होतं, त्यामुळे जोरदार होते ते आधी खायचे आणि बाकीचे लांबून बघायचे. त्याने एक पाइप उभा चिरून दोन लांब पन्हळी केल्या आणि दोन टोकांना ठेवल्या. पत्र्याचे तुकडे तिरपे टेकवून आडोसे केले, म्हणजे मार खाणाऱ्याला नजरेआड होता येईल. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या तशा सगळ्या कोंबड्या एका बाजूला गोळा होऊन गप्प बसल्या. तेवढा वेळ शांतता होती.

सासूबाईंनी भुरीला उचलून घरात नेलं. बाथरूमच्या कोपऱ्यात पालथी टोपली, तिच्यावर दगड. जखमेवर त्यांनी जांभळं औषध लावलं. "लाल दिसलं की त्यांना राहवत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याच भावंडाचं रक्त आहे हे त्यांना कळत नाही. लाल दिसतं, की टोचायचं." भुरी दाणे खायची, पाणी प्यायची. आंघोळीला जाताना तिला ओलांडून जावं लागायचं. तो अंगावर पाणी घेताना ती टोपलीतून एका डोळ्याने बघत राहायची, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं. बाहेर येऊन तो सासूबाईंना म्हणाला, "बाथरूममध्ये लाज वाटायला लागली आता."

"तिला सांगते तोंड फिरवायला," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही थोडं हसले आणि मग आपण हसलो म्हणून गप्प झाले.

जखम भरली. कातडी सुकली, पिसांचे काळे कोंब वर आले. तिला परत सोडायचं ठरलं, आणि त्याच दिवशी चष्म्याच्या दुकानातून पुन्हा फोन आला. बायकोच्या वस्तू तिथे पडून होत्या. नवीन मुलगी कामाला ठेवलीय, कपाट रिकामं करून द्या, असं मालकाचं म्हणणं. आधीही दोनदा फोन आला होता. तो 'येतो' म्हणाला होता आणि गेला नव्हता. दुकानाच्या रस्त्यावरून जायलाच लागू नये म्हणून तो शेडवर लांबच्या वाटेने जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्याने भुरीला खुराड्यात सोडलं. थोडा वेळ उभा राहिला. बाकीच्यांनी माना वर केल्या, पाहिलं, पुन्हा दाणे टिपायला लागल्या. ठीक आहे, असं वाटून तो कामावर गेला.

संध्याकाळी परत आला तेव्हा सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी एक पिशवी. तिच्यातून छत्रीची मूठ आणि दुकानातल्या निळ्या एप्रनची बाही बाहेर आली होती. पायापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागदातून जांभळं-लाल पाझरलं होतं.

"भुरी?" त्याने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"मी दुकानात गेले होते," त्या म्हणाल्या. "आले तेव्हा अजून जिवंत होती. बसलेली होती. मागून सगळं..." त्यांनी हाताने दाखवायला सुरुवात केली आणि हात खाली घेतला. "आतडं बाहेर आलं होतं. ओढत होते. मी मान मुरगळली तिची. दुसरं काय करणार."

तो तसाच उभा राहिला. अंगावर शेडमधली धूळ, हातात डबा. खुराड्यात पत्र्याच्या आडोशाला सगळ्या शांत बसल्या होत्या, चोची पुसून झालेल्या.

"आजच जायला हवं होतं का दुकानात?" तो म्हणाला.

"तीन वेळा फोन आला त्यांचा."

"एक दिवस थांबला असतात. आजच सोडलं होतं तिला. घरात बसून एवढंसुद्धा बघता येत नाही?"

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "मी कशाला गेले तिकडे? तुम्ही जात नाही म्हणून गेले. माझ्या पोरीच्या वस्तू कोणीतरी रस्त्यावर ठेवल्या असत्या."

"उद्या गेलो असतो मी."

"उद्या." त्यांनी तो शब्द चावून उच्चारला. "तुमचा उद्या मला माहीत आहे. महिनाभर पोरगी डोकं धरून बसत होती. तुम्ही एकाच घरात झोपत होता तिच्याबरोबर. उद्या जाऊ डॉक्टरकडे, उद्या जाऊ."

हे इतके दिवस घरात होतं. ताटाशी होतं, ओट्याशी होतं, बाथरूमच्या बंद दारापाशी होतं. आता एकदा बाहेर पडल्यावर त्यालाही थांबता आलं नाही.

"आणि तुम्हाला?" तो म्हणाला. "रोज फोन करायची ना ती तुम्हाला? काय सांगायचात? बाम चोळ. लवकर झोप. फार वाचू नकोस. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात, तर गेली असती ती. माझं नव्हती ऐकत, तुमचं ऐकायची."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी पिशवी उचलली, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला. मुलाशी बोलत होत्या. "ये उद्या. ने मला," एवढं त्याने ऐकलं.

तो अंगणात एकटा राहिला. वर्तमानपत्राची गुंडाळी त्याने कुंपणापाशी खड्डा करून पुरली. पहार परत ठेवताना त्याला पैलवान दिसला. पत्र्यावर चढून तो आरवायचा प्रयत्न करत होता. अजून आवाज फुटला नव्हता, घशातून नुसती खरखर येत होती. त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली.

कोंबडं कापायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. पैलवानाला त्याने पायाने दाबून धरलं आणि एका झटक्यात होईल असं समजून सुरी ओढली. झालं नाही. सुरी भाजी चिरायची, पिसांवरून घसरली. पैलवान निसटला आणि अर्धवट कापलेली मान घेऊन अंगणभर धावला, भिंतीला धडकला, उलटला, परत उठला. त्याच्यामागे धावताना वेल्डरच्या तोंडातून स्वतःला न ओळखू येणारा आवाज निघत होता. भिंतीवर, जाळीवर, वाळत घातलेल्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

दार उघडलं. सासूबाई आल्या. त्यांनी पैलवानाला कोपऱ्यात गाठलं, दोन्ही पंख एका हातात आवळले, दुसऱ्या हाताने मान धरून खाली खेचली आणि वळवली. एक बारीक आवाज झाला. पंख बराच वेळ फडफडत राहिले, पण ते सगळं संपल्यानंतरचं होतं.

"दुसरा आणा," त्या म्हणाल्या.

त्याने मास्तरला आणून दिलं. मास्तर हातात अगदी गप्प होता, मान ताठ. त्याचंही तसंच झालं. मग त्यांनी पाणी उकळायला ठेवलं, आणि अंधार पडेपर्यंत दोघंजण पाटावर समोरासमोर बसून पिसं काढत होते. ओल्या पिसांचा वास घरभर पसरला. मधेच तो पिसं उपटायचा थांबला तेव्हा सासूबाईंनी त्याच्या पुढ्यातला कोंबडा आपल्याकडे ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. सासूबाईंनी दोन्ही कोंबडे शिजवले होते. त्यांची बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती. मेहुणा एका औषध कंपनीत विक्रीचं काम करायचा, बोलायला गोड. बहिणीच्या फोटोसमोर क्षणभर उभा राहिला, डोळे पुसले आणि जेवायला बसला.

"घरचा कोंबडा म्हणजे घरचा कोंबडा," तो म्हणाला. "बाजारच्याला ही चव नाही. आई, आणखी एक तुकडा वाढ."

सासूबाई वाढत होत्या. वेल्डरने आपल्या ताटातला भात रश्शात कालवून ठेवला होता आणि तो तसाच राहिला होता. सासूबाईंनी स्वतःला घेतलंच नव्हतं. मेहुणा एकेक हाड चोखून ताटाच्या कडेला लावत होता.

हात धुऊन झाल्यावर तो बॅगेकडे बघत म्हणाला, "आई, मी काय म्हणतो. इतक्यात नको ना निघूस. मुलांच्या परीक्षा आल्यात. आणि हिची बहीण आलीय राहायला, हॉलमध्ये झोपते. तुला कुठे झोपवू? थोडे दिवस राहा इथे. भाऊजी काही परके नाहीत."

"थोडे म्हणजे किती?" सासूबाईंनी विचारलं.

"बघू की. कळवतो मी."

सासूबाई बॅगेच्या पट्ट्याकडे बघत होत्या. काल रात्री त्यांनी साड्यांच्या घड्या घालून ती भरली होती, हे त्याने पाहिलं होतं. त्यांची मान खाली गेली आणि कानामागून लाली चढत आली. मुलासमोर त्या रडल्या असत्या, आरडाओरडा केला असता, तरी चाललं असतं. पण जावयासमोर मुलाने नाही म्हणावं, आणि तेही कालच्या बोलण्यानंतर, यापुढे तोंड कुठे लपवायचं हे त्यांना कळत नव्हतं.

"मीच सांगणार होतो तुला," वेल्डर मेहुण्याला म्हणाला. "आईंना न्यायचं म्हणत असलास तर मला ते जमणार नाही. मी दिवसभर शेडमध्ये असतो. कोंबड्यांकडे बघायला घरात कोणीतरी लागतं. त्यांच्याइतकं मला काही कळत नाही त्यातलं."

मेहुण्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. जाताना त्याने उरलेला रस्सा डब्यात मागून घेतला.

तो गेल्यावर सासूबाईंनी बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. कालचं बोलणं कोणी काढलं नाही. माफी कोणी मागितली नाही. त्यांनी त्याचा तो रक्ताचे डाग पडलेला शर्ट गार पाण्यात भिजत टाकला, एवढंच.

खुराड्यात आता एक कोंबडा आणि चार तलंगा उरल्या. जागा भरपूर, पन्हळी दोन, आडोसे. त्याला वाटलं, दोघांचे जीव गेले पण निदान बाकीच्या सुटल्या. काही दिवस गेले. मग एका सकाळी काळ्या तलंगेच्या पाठीवर त्याला तीच गुलाबी जागा दिसली, शेपटीच्या वर.

तो बराच वेळ उभा राहून बघत होता. उरलेला कोंबडा लांब, पन्हळीपाशी होता. काळीच्या जवळ फक्त पिंगी होती. ती आरामात आली, मान तिरकी करून पाहिलं, आणि एक पीस पकडून ओढलं. काळी दबली. पिंगीने पीस गिळलं. मग दुसरं.

"आई," त्याने हाक मारली. "पिंगी टोचतेय. कोंबडे नव्हतेच."

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी दुकानातून आले तेव्हा तीच होती," त्या म्हणाल्या. "भुरीच्या अंगात डोकं खुपसून. बाकीचे नंतर आले. रक्त बघून."

"आणि कोंबडे? मास्तर?"

"मास्तरानेही मारले असतील टोचे. रक्त दिसल्यावर सगळेच मारतात. सुरुवात हिची."

"मग सांगितलं का नाही? मी सुरी घेऊन बाहेर होतो. तुम्ही म्हणालात, दुसरा आणा. मी आणून दिला तुमच्या हातात."

"सांगितलं असतं तर तुम्ही हिला कापलं असतं."

"मग?"

"ती हातावर बसायची तिच्या." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, आवाज मात्र फाटला. "फोनवर सांगायची मला. आज पिंगी खांद्यावर चढली, आज पिंगीने चष्मा ओढला. डोकं दुखतंय ते एका वाक्यात सांगायची आणि पिंगीचं अर्धा तास. मी पण तेच ऐकत बसायचे. हसायचे. डोक्याचं विचारायचं राहून जायचं. तुम्ही म्हणालात ते खरं आहे."

तो पायरीवर बसला. थोड्या वेळाने त्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"मलाही तेच सांगायची," तो म्हणाला. "नंबर वाढलाय म्हणायची. चष्म्याच्या दुकानातली बाई, तिला जास्त कळत असेल, असं वाटलं मला. दुखायला लागलं की अंगणात जाऊन बसायची. मी म्हणायचो, बरं आहे, तिथे तरी तिला बरं वाटतं."

समोर पिंगीने आणखी एक पीस उपटलं. तो उठला, खुराड्यात शिरला आणि त्याने तिला धरून बाहेर काढलं. तिने विरोध केला नाही. माणसाच्या हाताची सवय होती तिला. मनगटावर पाय रोवून ती वर चढायला लागली, दंडापर्यंत आली. तिच्या नखांचा बारीक बोचरा स्पर्श त्याला शर्टातून जाणवत होता. त्याने सुरीचा विचार केला आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

त्या दिवशी तो शेडवर गेला नाही. अंगणात बसून त्याने एक पिंजरा जोडला. खुराड्याला लागूनच, मधे बारीक जाळी, म्हणजे तिला बाकीच्या दिसतील पण चोच पोचणार नाही. थोडे दिवस वेगळी ठेवली की तिचा तोरा उतरेल, मग परत सोडता येईल, असं सासूबाई म्हणाल्या. तसं करून पाहिलं. पहिल्यांदा सोडली तेव्हा बाकीच्यांनी तिला हाकललं, ती दोन दिवस कोपऱ्यात बसली आणि त्यांना वाटलं की जमलं. तिसऱ्या सकाळी काळीच्या पाठीवर पुन्हा रक्त होतं. आणखी एकदा प्रयत्न झाला. तेव्हा तिने कोंबड्याचाच तुरा फोडला.

नंतर कोणी तिला सोडायचं नाव काढलं नाही, आणि कापायचंही नाही.

पिंगी तिथेच राहिली, पिंजऱ्यात, एकटी. सुरुवातीला ती दिवसभर जाळीला समांतर येरझाऱ्या घालायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मातीत तिच्या पायांची एक खोल पायवाट पडली. पलीकडे बाकीच्या माती उकरायच्या, धुळीत लोळायच्या, संध्याकाळी दांडीवर एकमेकींना चिकटून बसायच्या. ती बघायची. मग तिने येरझाऱ्या सोडल्या आणि स्वतःचीच पिसं उपटायला लागली. छाती उघडी पडली. सासूबाईंनी तिथेही जांभळं औषध लावलं. तिचं लक्ष वळावं म्हणून पानांची जुडी दोरीने टांगून बघितली, आरशाचा तुकडा ठेवून बघितला. थोडा फरक पडला, फार नाही.

आता त्या दुपारी भाजी निवडायला पिंजऱ्याशेजारी पाट घेऊन बसतात. देठं आत टाकतात. पिंगी जाळीपाशी येते, मान तिरकी करून बघते. एकदा त्याने संध्याकाळी येऊन पाहिलं, तर सासूबाईंनी पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला होता, आणि पिंगी त्यांच्या मनगटावर बसून होती. त्यांच्या अंगठ्याजवळ चोचीने फोडलेली एक जागा होती, ताजी.

"रक्त आलंय," तो म्हणाला.

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात काढला नाही.

तो आत गेला, औषधाची बाटली घेऊन आला आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला.